डावा पीळ

दाजींनी माझ्या हातात पक्कड दिली ती फार उशिरा. पहिले दोन महिने त्यांनी मला नुसते बोर्ड वाचायला लावले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातुरात वायरमन होते, रीतसर सरकारी परवाना असलेले. आयटीआय करून मी चाकूरहून आक्काकडं राहायला गेलो तेव्हा आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका घरातल्या मीटरखाली उभं केलं आणि विचारलं, "हा बोर्ड किती वर्सांचा?"

मी म्हटलं, "त्याच्यावर कुठं लिहिलंय?"

"समदं लिवलेलं हाय. तुला वाचता येत न्हाई, येवढंच."

मग ते एकेक गोष्ट दाखवत गेले. चिनी मातीचे पांढरे फ्यूज आणि लाकडाच्या पट्टीवर ठोकलेली वायर असेल तर घर बापाच्या काळचं. काळ्या प्लास्टिकचे एमसीबी, म्हणजे तार तापली की आपोआप खाली पडणारी बटनं, असतील तर ते नंतरचं. त्यातही बटनावर पाच, दहा, पंधरा असे आकडे असले की जुनं, सहा, दहा, सोळा असले की नवं. आकड्याच्या आधी इंग्रजी एल किंवा जी असेल तर आधीची पिढी, बी किंवा सी असेल तर नंतरची. कडेला बारीक अक्षरात महिना-वर्ष छापलेलं असतं, पण ते बऱ्याचदा चुन्याखाली बुजलेलं. मग नखानं चुना खरवडायचा.

शॉक बसू नये म्हणून लावतात त्या डबीवर तपासणीचं एक बारकं बटन असतं. दाजी ते बटन बघत नसत, आधी डबीचं बूड बघत. बुडाशी जमिनीच्या वायरसाठी दोन जादा स्क्रू दिसले की म्हणत, "ही जुन्या जातीची. अर्थिंगची वायर तुटली की ही आंधळी." नव्या जातीला ते स्क्रू नसत. घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती आपली आपण ताडून बघते.

आणि त्यांच्याकडं एक रेडिओ होता. तळहाताएवढा, पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला. लोकांना वाटायचं, मिस्त्री गाण्यांचा शौकीन आहे. दाजी त्याचा काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे ठेवत आणि भिंतीजवळून हळूहळू चालत. कुठं जॉइंट ढिला असला, आत बारीक ठिणगी उडत असली, की रेडिओ कडकड वाजायचा. "तार तापली तर बटन पडतं," ते मला सांगत, "करंट जमिनीत गेला तर डबी पडते. पण ढिल्या जॉइंटमधी ठिणगी उडून राहिली तर दोघास्नीबी पत्ता लागत न्हाई. ते आपल्यालाच ऐकावं लागतं."

मी दोन वर्षांत सगळं शिकलो. निदान मला तसं वाटलं.

भूकंप झाला तेव्हा आमचं घर वाचलं, भिंतीला भेगा गेल्या तेवढंच. चार-सहा दिवसांनी दाजी म्हणाले, "चल, औशाकडच्या गावास्नी जाऊन येऊ. जी घरं उभी हाईत त्यात लोक परत जातील. लाईन चालू झाली अन् भेगेत वायर चिमटलेली असली तर वाचलेलं मानूसबी जाईल." आम्ही महिनाभर असे हिंडलो. कुणी बोलावलेलं नव्हतं. सकाळची बस धरायची, गावात उतरायचं, उभ्या घरांच्या भिंतींना रेडिओ लावायचा. एका गुरुजींचं घर उभं होतं, पण आत जायला कुणी धजत नव्हतं. दाजी एकटे आत गेले, स्वयंपाकघराच्या भिंतीशी रेडिओ कडकडला. त्यांनी तिथं खडूनं फुली मारली, मेन स्विच काढून टाकला आणि बाहेर येऊन गुरुजींना म्हणाले, "येवढी एक भित सोडली तर तुमचं घर पास झालं."

गुरुजी त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले असावेत. त्यांची बायको पदर तोंडाला लावून बघतच राहिली.

त्याच फेरीत एक गाव होतं, तिथं घर म्हणून काही उरलंच नव्हतं. नुसते दगड. मध्यम वयाचा एक माणूस ढिगाऱ्यातून आमच्याकडं आला. हातात फुटका लाकडी बोर्ड. म्हणाला, "मिस्त्री, गावातली वायरिंग तुम्हीच केली होती न्हवं? हे माझ्या घरचं हाय का सांगा. माझं दार कुठं होतं तेच मला उमगंना झालंय."

दाजींनी बोर्ड हातात घेतला. पालथा केला. फ्यूजच्या तारेचे वेढे मोजले, स्क्रूच्या डोक्यावरचा गंज पाहिला. मग मागच्या बाजूचा वायरचा पीळ बोटानं चाचपला आणि म्हणाले, "हाव. तुमचाच. तुमच्या थोरल्याच्या लग्नाच्या वक्ताला मी इथं जादा दिव्याची वायर जोडली होती. बोर्ड कुठं घावला?" त्यानं जागा दाखवली. दाजी तिथं गेले, बोर्ड जमिनीला समांतर धरला, मीटर कोणत्या बाजूला होता ते आठवून चार पावलं चालले आणि म्हणाले, "हितं दार होतं तुमचं."

तो माणूस तिथंच खाली बसला. दाजी त्याच्या शेजारी बसले. मी बाजूला उभा राहिलो. परत येताना बसमध्ये मला मनातून अभिमान वाटत होता, की हा माणूस आपला आहे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो की, ज्या माणसाशी मी पुढं तसा वागलो तो कोण होता हे कळावं.

भूकंपानंतर सात-आठ वर्षांत लातूर पार बदललं. बोर्डाच्या परीक्षेत पोरं चमकू लागली, क्लासेसच्या पाट्या गल्लीगल्लीत लागल्या. नांदेड, बीड, परभणीकडची पोरं-पोरी येऊन राहायला लागली. ज्याच्याकडं दोन खोल्या जादा होत्या त्यानं होस्टेल काढलं. आम्हाला कामं पुरेनात. परवाना दाजींचा, पण धावपळ माझी. माझं लग्न झालं होतं, मी वेगळं बिऱ्हाड केलं होतं आणि खरं सांगायचं तर दाजींच्या सावकाशीचा मला कंटाळा यायला लागला होता. एका बोर्डापुढं ते अर्धा तास उभे राहत. तेवढ्यात दुसरा कुणी अख्खी खोली उरकायचा.

एका क्लासच्या मागच्या गल्लीत एका मालकानं आपल्या जुन्या घराचं मुलींचं होस्टेल केलं. दाजींनी तिथला बोर्ड पाहिला आणि सांगितलं, "ही डबी जुन्या जातीची हाय, बुडाला स्क्रू बघा. अर्थिंगबी कुजलंय. हे बदला." मालक म्हणाले, बदलू, या हंगामात नको. दाजींनी त्यांना दोनदा बजावलं. मग औशाला त्यांचे चुलते वारले म्हणून ते आठ दिवसांसाठी गेले.

त्या आठ दिवसांत मालकांनी प्रत्येक खोलीत प्लायवूडचा आडोसा घालून एकाच्या दोन खोल्या केल्या. मला म्हणाले, "पोरी सोमवारी येणार. प्रत्येक कॉटशी एक प्लग पाहिजे." दाजींचा नियम होता की जॉइंट उघड्यावर करायचा नाही. जॉइंटची वेगळी रिकामी डबी बसवायची, तिच्यात स्क्रूचा कनेक्टर, वर झाकण. असे बारा जॉइंट करायचे तर चार दिवस लागले असते. माझ्याकडं दोन होते. रात्री जागून अकरा मी नीट केले. बाराव्याला डबी संपली होती. मी वायरीला वायर पिळली, टेप गुंडाळला आणि प्लायच्या मागं सारून दिली. दोन मिनिटांचं काम.

दाजी परत आले त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्या खोल्यांमधून फेरी मारली, गळ्यात रेडिओ. पोरींच्या ट्रंका येऊन पडल्या होत्या, आई-बाप जिन्यात उभे होते. कोपऱ्यातल्या कॉटपाशी एक पोरगी टेबललॅम्प लावून बघत होती. तिथं रेडिओ कडकडला.

"हितं काय केलं?" दाजींनी विचारलं.

"काही न्हाई. शेजारी कुणाचं मिक्सर चालू असंल."

"प्लाय खोल. बघू."

मालक मधे पडले, "आता नको हो, पाहुणे आहेत सगळे." मी म्हटलं, "रविवारी खोलतो, दाजी. मी जातीनं बघतो."

रविवारी मी गेलोच नाही. दुसरीकडं काम होतं. सोमवारी दाजींनी विचारलं, "खोललं का?"

"खोललं. समदं नीट हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आजवर मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण ती चार शब्दांची गोष्ट मला अजून तशीच्या तशी ऐकू येते, माझ्याच आवाजात.

बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. एका दुपारी त्या कोपऱ्यातल्या कॉटवरची पोरगी, भोकरकडच्या गावची, बादलीत हीटर टाकून पाणी तापवत होती. तिला सर्दी झाली होती, वाफ घ्यायची होती. प्लायच्या मागं माझा जॉइंट लाल झाला. बटन पडलं नाही, कारण करंट काही जास्त नव्हता. डबीही पडली नाही. चांगली नवी असती तरी पडली नसती, कारण करंट जमिनीत जातच नव्हता. प्लायनं पेट घेतला, गादी पेटली. बाकीच्या पोरी ओरडत खाली धावल्या. ही पोरगी गेली नाही. आडोशाच्या पलीकडं दुसरी एक पोरगी झोपली होती. हिनं पेटती गादी उजव्या हातानं ओढून मोरीत नेली, मग त्या पोरीला उठवलं.

आग वीस मिनिटांत विझली. तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

मी पोचलो तेव्हा भिंतीला काळा ओघळ होता आणि मालक दारात उभे राहून जो येईल त्याला सांगत होते, "बोर्ड जुना ठेवला त्या मिस्त्रीनं." दुसऱ्या दिवशी विजेचे निरीक्षक आले. त्यांनी बोर्ड पाहिला आणि डबी जुन्या जातीची आहे, अर्थिंग कुजलेलं आहे असं लिहिलं. ते खरंच होतं, पण आग त्यानं लागली नव्हती. कागदावर परवानाधारक म्हणून दाजींचं नाव होतं. मालकांनी कानावर हात ठेवले, की आम्हाला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दाजी जळालेल्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी प्लायची राख बाजूला केली, वायरीचा एक काळा तुकडा उचलला, बघितला आणि खिशात टाकला. मग माझ्याकडं पाहिलं. निरीक्षक मागंच उभे होते. मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं आणि म्हणालो, "दाजी, चला, उन्हात बसू नका."

तिथं ऊनच नव्हतं.

पोरीचे वडील तिला न्यायला आले. दवाखान्यातून बसस्टँडपर्यंत तिची ट्रंक मी उचलून नेली. मला वाटत होतं, एवढं केलं की काहीतरी कमी होईल. वडील तिला रागावत होते, "हीटर लावू नको म्हनून पाटी लिवली होती न्हवं? नियम मोडला की असं होतं." ती हाताची पांढरी गठडी छातीशी धरून खाली बघत होती. मी ट्रंक टपावर चढवली आणि घरी आलो.

दाजींनी परवाना परत केला. कुणी काढून घेतला नव्हता, स्वतःच नेऊन दिला. दोन वर्षं ते लातुरातच पंख्यांच्या एका दुकानात वाइंडिंग करत बसले. मग आक्काला घेऊन चाकूरला आमच्या जुन्या घराजवळ राहायला गेले. मी माझा परवाना काढला. होस्टेलं वाढत होती, माझं काम वाढत होतं. लोक म्हणायचे, याच्या हातचा जॉइंट कधी ढिला होत नाही. ते खरं होतं. त्या दिवसानंतर मी एकही जॉइंट डबीशिवाय केला नाही. पण दिवाळीला चाकूरला गेलो की भाऊबीज करून दुपारच्या बसनं परत यायचो. मुक्काम करत नव्हतो.

अशी वीसएक वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी नांदेडला गोदावरीच्या बाजूच्या एका वसाहतीत निवृत्त प्राध्यापकांच्या घरी मला बोलावणं आलं. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यानं येताना तिथल्या ब्रेकरची, म्हणजे बोर्डावरच्या बटनांची, एक पिशवी आणली होती, आपल्याकडं कुणाला दाखवावी म्हणून. प्राध्यापकांनी ती टेबलावर ओतली. पाच होती. म्हणाले, "तुम्ही जुनं-नवं ओळखता असं ऐकलं. यातलं काय आपल्या घरी बसेल, तेवढं सांगा."

मी एक उचललं. तपासणीचं बटन होतं, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं ही आपली शॉकची डबी. पण बुडाला पांढऱ्या वायरची वेटोळी शेपटी होती आणि व्होल्ट एकशे वीस. "हे आपल्याकडं चालायचं नाही," मी म्हटलं, "आपलं दोनशे तीस. शॉकसाठी आपल्या इथल्या डब्या मिळतात."

"शॉकसाठी नाहीये ते," प्राध्यापक म्हणाले. "थांबा." त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

मुलगा म्हणाला, "काका, ही ठिणगी ओळखतात. कुठं वायर ढिली असेल, आतल्या आत स्पार्क होत असेल, तर आग लागायच्या आधी लाईन बंद करतात. आता तुमच्याकडंही तशी यायला लागली आहेत."

माझ्या हातातलं ब्रेकर मी खाली ठेवलं. प्राध्यापक विचारत होते, बरं नाही का वाटत. मी म्हटलं, पाणी द्या.

मग मी चष्मा लावून पाचही वाचली. मला ते केल्याशिवाय उठवेना. कडेला महिना-वर्षाचे छाप होते. तीन नवी होती, दोन जुनी. जुन्यांच्या लेबलवर वेगळी जात लिहिलेली होती, बटनाचा रंगही वेगळा. मुलानं फरक सांगितला. जुन्या जातीला दोन वायरींच्या मधली ठिणगी कळायची, पण एकाच वायरीतला ढिला जॉइंट कळायचा नाही. तो कळायला लागला नव्या जातीला. जुन्यातल्या एकावरचं साल मी दोनदा बघितलं. होस्टेलला आग लागली त्याच्या आधीचं होतं ते. म्हणजे तेव्हा जगात असलं यंत्र होतं, आणि माझ्या जॉइंटपुढं तेही आंधळंच ठरलं असतं. तो जॉइंट तेव्हा ओळखू शकेल असं एकच काही होतं, दाजींच्या गळ्यातला रेडिओ. त्यानं ओळखलाही होता. मी त्याला खोटं पाडलं.

नांदेडहून मी लातूरला घरी गेलो नाही. चाकूरला उतरलो.

दुपार कलली होती. दाजी अंगणात बाजेवर बसले होते, खूप वाळले होते. आक्का शेजारी तूर पाखडत होती. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. डबी संपली होती, वायर पिळली, रविवारी गेलोच नाही, तुम्हाला खोटं बोललो, निरीक्षकापुढं गप्प बसलो. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल. पाच वाक्यांत संपलं.

दाजी म्हणाले, "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. तू डावखुरा. तुझा पीळ डावीकडं जातो. लातुरात दुसरा कोन डाव्या हातानं वायर पिळत होता?"

"मग बोलला का न्हाई?"

"तू हिचा भाऊ. मी बोललो असतो तर हिनं कोनाकडं बघावं?" ते थांबले. "अन् म्हनलं, येईल सांगाया. दोन वरीस लातूर सोडलं न्हाई त्याच्यासाठी. मग म्हनलं, जाऊ द्या."

आक्काचं सूप थांबलं होतं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती दाजींकडं बघून राहिली, मग माझ्याकडं. "इतकी वर्सं," ती म्हणाली, "मी ह्यास्नी काय काय बोलले, तुला ठावं हाय? हितं घरात दिवा गेला तरी ह्यास्नी हात लावू दिला न्हाई मी. म्हनायची, राहू द्या, तुमच्या हाताला यश न्हाई. पोरीचा हात गेला तुमच्यापायी. एक डाव तरी बोलावं न्हाई यांनी." ती उठली, तूर तशीच सांडली आणि घरात गेली. दाजींनी हाक मारली. ती आली नाही.

बऱ्याच वेळानं ती दारात आली. डोळे पुसलेले होते. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "त्या पोरीला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग हितं काय करून राहिलास?"

त्या वर्षी भाऊबीजेला मी गेलो. तिनं जेवायला वाढलं, पाट मांडला नाही. ओवाळलं नाही. तशीच दुसरी दिवाळीही गेली. दाजी पूर्वीसारखेच बोलतात माझ्याशी. त्याचा त्रास जास्त होतो.

भोकरकडच्या त्या गावाचं नाव मला ट्रंकेवर रंगवलेलं आठवत होतं. त्या दुसऱ्या दिवाळीनंतर शेवटी मी निघालो. गावात विचारत गेलो, माहेर सापडलं. वडील चार वर्षांपूर्वी वारले होते. भावानं सासरचा पत्ता दिला, भोकरमध्येच. ती आता चाळिशीला आलेली बाई होती. घरात शिवणाचं मशीन होतं आणि ती डाव्या हातानं कापड सरकवत होती. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून वाकलेली. मी कोण ते तिला आधी आठवलं नाही. ट्रंक म्हटल्यावर आठवलं.

मी बोललो ते तिनं मशीन थांबवून ऐकलं. मी संपवल्यावर म्हणाली, "म्हणजे हीटरनं न्हाई झालं?"

"न्हाई. टेबललॅम्पवर सुद्धा ती वायर वाजत होती. आज न्हाई तर उद्या पेटणारच होती."

"बापू मरेपर्यंत म्हणत होते, नियम मोडलास म्हणून वर्ष गेलं. मलाबी तसंच वाटायचं. पेपर दिलाच न्हाई मी परत. म्हटलं, आपल्यालाच अक्कल न्हाई." तिनं हात मांडीवर पालथा ठेवला. "बापूंना सांगायला यायचं होतं तुम्ही."

मी म्हटलं, "हो."

ती उठली. मला वाटलं, जा म्हणेल. ती म्हणाली, "आत सासूबाई हाईत. त्यांच्यासमोर पुन्हा सांगा."

आतल्या खोलीत म्हातारी बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगायला सुरुवात केली. त्या कानाशी हात नेऊन म्हणाल्या, "काय? मोठ्यानं बोल." मी आवाज चढवला. तरी ऐकू येईना. शेवटी मी ओरडूनच सांगितलं, की यांची काही चूक नव्हती, चूक माझी होती, मी वायर नीट जोडली नव्हती, मी खोटं बोललो. खिडकीबाहेर रस्त्यावर दोन माणसं थांबली. शेजारची बाई दारात आली. मला पुन्हा सांगावं लागलं, म्हणून पुन्हा ओरडलो.

म्हातारी सुनेकडं वळून म्हणाली, "आमी तर तुला येंधळी म्हनत आलो गं. गॅसला हात लावू दिला न्हाई."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नंतर आत जाऊन तिनं गॅस पेटवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं डाव्या हातात कप धरून ती बाहेर आली. मी चहा घेतला. कप परत देताना तिनं विचारलं, "तुमच्या दाजींना माझा नमस्कार सांगाल?"

मी हो म्हणालो. तिला मला काही सांगायचं आहे का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. बसस्टँडवर येईपर्यंत लातूरची गाडी गेली होती. मी तिथल्या बाकावर बसून आक्काला फोन लावला. तिनं उचलला. मी म्हटलं, "सांगितलं." पलीकडं चुलीवरचं काहीतरी उकळल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "जेवलास का?" आणि मी नाही म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला.